खासदारांचं मत : राजापूर मतदारसंघाची जुनी नोंदवही

(पोस्ट लांब आहे. सवड असेल तेव्हा वाचा.)

निवडणूक जवळ आली की आपल्याकडे व्हॉट्सअॅपवर खासदारांची प्रगतिपुस्तकं फिरायला लागतात. हजेरी इतके टक्के, प्रश्न इतके, चर्चेत सहभाग इतक्या वेळा. खाली एक तर हिरवा अंगठा, नाही तर लाल फुली. कुठल्या गटात कुठलं कार्ड येतं यावरून ते कोणी बनवलंय ते कळतं. मीही ती पुढे ढकललेली आहेत, बातमीत वापरलेली आहेत. पण मागच्या वेळी दोडामार्गच्या बाजारात एका निवृत्त एसटी कंडक्टरांनी मला जे विचारलं त्याचं उत्तर त्या कार्डावर नव्हतं. ते म्हणाले, "ती टक्केवारी ऱ्हवांदे रे. खासदारान मत खयच्या बाजून दिल्यान ता सांग."

प्रश्न साधा आहे. उत्तर साधं नाही. त्यासाठी थोडं मागे जावं लागतं, म्हणजे आपला मतदारसंघ ‘राजापूर’ म्हणून ओळखला जायचा त्या काळात.

आधी एक तांत्रिक गोष्ट सांगतो, कारण ती माहीत नसेल तर पुढचं सगळं फसवं वाटेल. लोकसभेत बहुतेक कायदे आवाजी मतदानाने मंजूर होतात. अध्यक्ष विचारतात, बाजूचे ‘होय’ म्हणतात, विरोधातले ‘नाही’ म्हणतात, आणि अध्यक्ष निकाल सांगतात. कोणी काय म्हटलं याची नावानिशी नोंद कुठेच होत नाही. एखाद्या सदस्याने मतविभाजन मागितलं तरच घंटा वाजते, साडेतीन मिनिटं वाजत राहते, लॉबीतले सदस्य आत येतात, दारं बंद होतात आणि बटणं दाबली जातात. हिरवं, लाल, आणि तटस्थ राहायचं तर पिवळं. तेवढ्याच मतांची यादी छापली जाते. घटनादुरुस्ती असेल तर मात्र मतविभाजन टळत नाही, कारण तिथे सभागृहाच्या एकूण संख्येचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचं दोन तृतीयांश बहुमत मोजून दाखवावं लागतं.

म्हणजे "खासदारांनी कुठे मत दिलं" याची नोंद मुळातच तुटक असते. सप्टेंबर २०२० मधले कृषी कायदे घ्या. देशभर त्यावर रान पेटलं, पण लोकसभेत ते आवाजी मतदानाने मंजूर झाले. आज कोणी कितीही शोधलं तरी नावांची यादी मिळणार नाही, कारण ती तयारच झाली नव्हती. त्याउलट ६ ऑगस्ट २०१९ ला जम्मू-काश्मीर पुनर्रचना विधेयकावर ३७० विरुद्ध ७० असं मतदान झालं, त्याची यादी आहे.

आता राजापूर.

लोकसभेच्या छापील कामकाजात सदस्याच्या नावापुढे कंसात मतदारसंघाचं नाव येतं. १९५७ पासून २००९ पर्यंत आपल्या भागाच्या खासदारापुढे कंसात ‘राजापूर’ असायचं. मतदारसंघांच्या फेररचनेनंतर २००९ ला ते नाव गेलं आणि ‘रत्नागिरी-सिंधुदुर्ग’ आलं. या बावन्न वर्षांत त्या कंसाआधी चार नावं आली: बॅ. नाथ पै, प्रा. मधु दंडवते, सुधीर सावंत आणि सुरेश प्रभू. चारपैकी दोघांनी मिळून तेहतीस-चौतीस वर्षं काढली, आणि संसदीय कामाच्या दृष्टीने बघण्यासारखं जे आहे ते मुख्यतः या दोघांचं आहे. हे माझं मत. पटलं नाही तर खाली लिहा.

नाथ पै वेंगुर्ल्याचे, जन्म २५ सप्टेंबर १९२२. प्रजा समाजवादी पक्षाकडून १९५७, १९६२ आणि १९६७ असे तीनदा निवडून आले. त्यांच्या वक्तृत्वाच्या आठवणी सांगणारी माणसं आपल्याकडे अजून आहेत, त्यामुळे त्यावर मी नवीन काय सांगणार? पण वक्तृत्वाच्या कौतुकात त्यांचं एक काम झाकून गेलं आहे. घटनेच्या इतिहासात ज्याला ‘नाथ पै विधेयक’ म्हणतात ते.

२७ फेब्रुवारी १९६७ ला सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्याचा निकाल दिला. अकरा न्यायाधीश, सहा विरुद्ध पाच. निकाल असा की मूलभूत हक्कांना कात्री लावणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. तेव्हा मालमत्तेचा हक्कही मूलभूत हक्कांत होता, म्हणजे जमीन सुधारणांच्या पुढच्या कायद्यांवर टांगती तलवार. आपल्या कोकणात कूळ कायद्याने किती घरांचं भवितव्य बदललं ते वेगळं सांगायला नको.

एप्रिल १९६७ मध्ये नाथ पैंनी खासगी विधेयक मांडलं. आशय एका वाक्याचा: घटनेच्या कुठल्याही भागात दुरुस्ती करण्याचा अधिकार संसदेला आहे. विरोधी बाकावरच्या माणसाने मांडलेलं खासगी विधेयक, आणि सरकारने त्याला पाठिंबा दिला! संयुक्त समिती बसली, तिचा अहवाल आला, चर्चा झाली. खासगी विधेयकांना शुक्रवारी दुपारनंतरचे दोन-अडीच तास मिळतात, तेही दर शुक्रवारी नाही. बहुतेक खासगी विधेयकं मांडली जातात आणि विसरली जातात. आजवर कायदा झालेल्या खासगी विधेयकांची संख्या चौदा आहे आणि शेवटचं १९७० सालचं. हे विधेयक मात्र साडेतीन वर्षं जिवंत राहिलं.

त्याला विरोध फक्त उजव्या बाजूने झाला असं नाही. मधु लिमयांसारख्या समाजवाद्याचाही विरोध होता. त्यांना भीती होती ती अशी की आज संसदेच्या हाती हा अधिकार दिला तर उद्या एखादं निरंकुश सरकार त्याच वाटेने नागरिकांचे हक्क काढून घेईल. नाथ पैंचं म्हणणं असं होतं की लोकांनी निवडलेली संसद लोकांच्या हक्कांची शत्रू असते असं गृहीत धरणं म्हणजे लोकांवरच अविश्वास दाखवणं. दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या. एकाच विचारघरातली माणसं समोरासमोर उभी होती आणि कोणी कोणाला गद्दार म्हणत नव्हतं. (आजचे आमचे फेसबुक कमेंट बघितले की हे मुद्दाम लिहावंसं वाटतं.)

डिसेंबर १९७० च्या अखेरीस लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक तिच्याबरोबर संपलं. तीन आठवड्यांनी, १८ जानेवारी १९७१ ला, बेळगावात नाथ पै गेले. वय अठ्ठेचाळीस. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने चोविसावी घटनादुरुस्ती लोकसभेत आणली, ३८४ विरुद्ध २३ मतांनी ती मंजूर झाली. गाभा तोच, जो नाथ पैंच्या विधेयकात होता. त्या मतांच्या यादीत नाथ पैंचं नाव नाही. एखाद्या खासदाराचं सगळ्यात मोठं संसदीय काम त्याच्या खात्यावर शून्य मतांनी नोंदलेलं असतं, त्याचं हे उदाहरण.

आणि मग जे झालं त्यात राजापूरचा पुढचा खासदार आहे.

प्रा. मधु दंडवते मूळ नगरचे, मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवायचे. १९७१ ला राजापुरातून निवडून आले आणि १९७७, १९८०, १९८४, १९८९ असे सलग पाच वेळा निवडून येत राहिले. १९७७ च्या लाटेत कोणीही निवडून आलं असतं, पण १९८४ च्या काँग्रेसच्या लाटेतही राजापूरने त्यांना परत पाठवलं.

जून १९७५ मध्ये ते बेंगळुरात होते. कशासाठी? पक्षांतरबंदीच्या विधेयकावर विचार करणाऱ्या संसदेच्या संयुक्त समितीच्या बैठकीसाठी. सोबत अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी, श्यामनंदन मिश्र. २६ जूनला सकाळी पोलीस आले आणि या मंडळींना तिथेच अटक झाली. संसदेच्या कामावर असलेला खासदार, संसदेच्या कामाच्या जागी, अटकेत. पुढचे जवळपास अठरा महिने तुरुंगात. प्रमिलाताई येरवड्याला, हे बेंगळुरूच्या तुरुंगात.

आता नोंदवही उघडा. जुलै १९७५ मध्ये लोकसभेने आणीबाणीला मंजुरी दिली, त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासही स्थगित होता. राजापूरचं मत: नाही. २ नोव्हेंबर १९७६ ला बेचाळिसावी घटनादुरुस्ती मंजूर झाली, ३६६ विरुद्ध ४. तीत घटनादुरुस्तीला कुठल्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही असं लिहून टाकलं होतं. राजापूरचं मत: नाही. आजच्या पद्धतीने त्या काळाचं प्रगतिपुस्तक काढलं तर दंडवत्यांची हजेरी शून्य, प्रश्न शून्य, चर्चा शून्य आणि वर लाल फुली येईल.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. कारण नाथ पैंनी संसदेसाठी जो अधिकार मागितला होता, त्याचाच आधार घेऊन १९७६ चं काम झालं, आणि ते होत असताना त्यांचाच वारसदार कोठडीत होता. मधु लिमयांची भीती खरी ठरली असं म्हणावं लागतं. मग नाथ पै चुकले का? मला तसं सरळ म्हणता येत नाही. १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांनी सात विरुद्ध सहा असा निकाल दिला: संसद मूलभूत हक्कांतही दुरुस्ती करू शकते, पण घटनेची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. म्हणजे नाथ पैंचा अर्धा मुद्दा टिकला आणि लिमयांचाही अर्धा. ज्या गोष्टीवर सर्वोच्च न्यायालयाला दोनदा एका मताच्या फरकाने निकाल द्यावा लागला, त्यावर वेंगुर्ल्याच्या माणसाने शुक्रवारच्या उरलेल्या वेळात देशाला बोलायला लावलं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

१९७७ ला दंडवते परत निवडून आले आणि रेल्वेमंत्री झाले. १९७४ च्या संपात बडतर्फ झालेल्या कामगारांना कामावर परत घेतलं. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आणली, डिसेंबर १९७७ ला सुरू झालेली गीतांजली एक्सप्रेस ही तर वर्गविरहित गाडी होती. हे सगळ्यांना माहीत आहे. मला त्या काळातली दुसरी गोष्ट सांगायची आहे, जी माझ्या धंद्याशी संबंधित आहे.

फिरोज गांधींनी १९५६ मध्ये एक खासगी विधेयक कायदा करून घेतलं होतं. संसदेत जे बोललं गेलं त्याचा खरा वृत्तान्त छापला तर वार्ताहरावर खटला भरता येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणीबाणीत तो कायदा रद्द केला गेला. १९७७ मध्ये जनता सरकारने तो परत आणला, आणि १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तर ते संरक्षण थेट घटनेत घातलं, कलम ३६१-क. त्याच दुरुस्तीने आणीबाणी लावणं कठीण केलं, जगण्याच्या हक्काचं संरक्षण आणीबाणीतही काढता येणार नाही असं ठरवलं, आणि मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून बाहेर काढला. दंडवते त्या मंत्रिमंडळात होते. पत्रकारितेची पदविका करताना हे कलम मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. त्यामागे कोण किती महिने तुरुंगात होतं हे त्या पुस्तकात नव्हतं.

मंत्री झालेल्या खासदाराचं प्रगतिपुस्तक कसं काढायचं हाही एक घोळ आहे. मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत, प्रश्न विचारत नाहीत, ते उत्तरं देतात. म्हणून आज पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्चसारखी संस्था जी आकडेवारी देते त्यात मंत्र्यांच्या रकान्यात ही माहिती नसते. मंत्रिपदाच्या काळात दंडवते आणि नंतर सुरेश प्रभू, दोघेही या मोजमापाबाहेर. एप्रिल १९९९ मध्ये वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मताने पडलं तेव्हा प्रभू त्या सरकारात पर्यावरणमंत्री होते. पुढे ऊर्जामंत्री म्हणून २००१ मध्ये त्यांनी वीज विधेयक मांडलं, तेच पुढे २००३ चा वीज कायदा झालं. पण तोवर पक्षाच्या आदेशावरून त्यांना मंत्रिपद सोडावं लागलं होतं, आणि ऊर्जा खात्यात आपल्याच कोकणातले अनंत गीते आले होते. प्रभूंवर स्वतंत्र लिहायला हवं, इथे जागा नाही.

आपल्या भागासाठी झालेलं सगळ्यात मोठं काम म्हणजे कोकण रेल्वे. दंडवते १९८९ च्या डिसेंबरात अर्थमंत्री झाले, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते, आणि जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं. भांडवलात केंद्राचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५, गोवा आणि केरळचे प्रत्येकी ६. शिवाय रोखे काढून पैसा. इ. श्रीधरन यांच्याकडे काम दिलं, २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग सुरू झाला. आता लोकसभेच्या मतविभाजनाच्या याद्यांत कोकण रेल्वे शोधा. सापडणार नाही. हे महामंडळ कंपनी म्हणून निघालं, पैसा अर्थसंकल्पातून आला, आणि अर्थसंकल्पातल्या कित्येक खात्यांच्या मागण्या शेवटच्या दिवशी चर्चेविनाच एकगठ्ठा मंजूर होतात. ज्या रुळांनी कोकणची मुंबई जवळ आणली त्यांच्यावर कोणाचं नाव लिहिलेलं मत नाही. आणि १९९१ च्या निवडणुकीत, काम सुरू झालेलं असताना, राजापूरने दंडवत्यांना हरवलं. त्या वर्षी सुधीर सावंत निवडून आले.

आता कंडक्टरांच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर. बेंगळुरात ज्या विषयाची समिती बसली होती तो पक्षांतरबंदीचा कायदा शेवटी १९८५ च्या जानेवारीत बावन्नाव्या घटनादुरुस्तीने आला. ‘आयाराम गयाराम’ थांबवायला तो हवाच होता. पण त्यातून दुसरं एक झालं. पक्षाने व्हिप काढला आणि खासदाराने त्याविरुद्ध मत दिलं किंवा न सांगता तटस्थ राहिला, तर त्याचं सदस्यत्व जाऊ शकतं. तेव्हापासून बटण खासदाराचं बोट दाबतं, पण ठरवतो पक्ष. डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व दुरुस्ती विधेयकाला शिवसेनेने लोकसभेत बाजूने मत दिलं आणि दोनच दिवसांनी राज्यसभेत त्याच विधेयकावर सभात्याग केला. आपले तेव्हाचे खासदार विनायक राऊत शिवसेनेचे लोकसभेतले गटनेते होते. यात एका माणसाचं मत कुठे शोधणार? पक्ष कुठलाही घ्या, चित्र हेच. म्हणून मी म्हणतो की १९८५ नंतरच्या खासदाराला त्याच्या मतावरून जोखणं म्हणजे बसच्या प्रवाशाला रस्त्याबद्दल जबाबदार धरण्यासारखं आहे. बस निवडली त्याने, एवढा जाब मात्र जरूर विचारावा.

जोखायचं तर प्रश्नांवरून जोखावं. प्रश्नाला व्हिप नसतो. आणि इथे आम्हा तालुक्याच्या पत्रकारांचीही चूक आहे. प्रेसनोट येते, "संसदेत आवाज उठवला", सोबत फोटो, आम्ही तसाच मथळा देतो. कसला आवाज? तारांकित प्रश्न असेल तर मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं आणि उपप्रश्न विचारता येतात, पण दिवसाला वीसच असतात आणि तेही सोडतीने. अतारांकित प्रश्न दिवसाला दोनशे तीस, त्यांना फक्त लेखी उत्तर मिळतं. शून्य प्रहरातलं निवेदन आणि नियम ३७७ खालचा उल्लेख हे आणखी वेगळे, तिथे मंत्र्याला लगेच उत्तर देण्याचं बंधन नाही. चारही गोष्टी आम्ही एकाच मथळ्याखाली घालतो.

आपल्या दोडामार्गापुरतं बोलायचं तर हे जास्तच लागू पडतं. पश्चिम घाटाचं बघा. गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन गटाचा २०१३ चा, त्यात आपला तालुका संवेदनशील क्षेत्रातून वगळला गेला. मग उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या वृक्षतोडीवर बंदी घातली. केंद्राच्या मसुदा अधिसूचना एकामागून एक निघत राहिल्या, सहावी जुलै २०२४ मध्ये. यातलं काहीही लोकसभेत मतदानाला आलेलं नाही. अधिसूचना १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली मंत्रालय काढतं. रबराची लागवड, खाणी, हत्तींनी तुडवलेल्या बागायती, सगळं त्या अधिसूचनांच्या आणि त्यांवरच्या उत्तरांच्या भोवती फिरतंय. तिथे खासदाराचं एकच हत्यार आहे, प्रश्न. कोणत्या गावाचं नाव घेऊन विचारला, कोणत्या तारखेला, उत्तर काय आलं, आणि त्या उत्तरावर पुन्हा विचारलं का.

हे सगळं संसदेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. सदस्याचं नाव टाका, प्रश्न वाचा, उत्तर उघडा. संख्या बघू नका, मजकूर बघा. कुठे नुसता देशभराचा आकडा मागितलाय आणि कुठे आपल्या जिल्ह्याचं नाव आहे ते पाच मिनिटांत कळतं. २००९ आधीचं शोधायचं असेल तर ‘रत्नागिरी-सिंधुदुर्ग’ टाकून काही मिळणार नाही, ‘राजापूर’ टाका. नाथ पै आणि दंडवत्यांची भाषणं बहुतेक इंग्रजीत आहेत, पण वाचण्यासारखी आहेत.

एक विनंती. त्या काळी लोक खासदारांना पोस्टकार्ड पाठवायचे. साटेली-भेडशी, मांगेली, कोलझर, तळकट, उसप, कुठल्याही गावात कोणाच्या ट्रंकेत नाथ पै किंवा दंडवत्यांचं उत्तराचं पत्र असेल, तर फोटो काढून मला इनबॉक्समध्ये पाठवा. नाव छापायचं नसेल तर छापणार नाही. कोणत्या कामासाठी लिहिलं होतं आणि ते झालं की नाही, एवढं मात्र सोबत लिहा.